जमिनीवरचे वाडे, जमिनीखालचे पाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा आपल्या मंडळात पाककृतींची स्पर्धा झाली, भोंडला झाला, डोळ्यांची तपासणी झाली. परंतु ज्या एका कार्यक्रमाविषयी अजूनही जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी आणि भिशीच्या दिवशी बोलणे निघते, तो म्हणजे पुण्यातील जुने वाडे आणि जमिनीखालच्या जागा पाहण्यासाठी आपण काढलेली पायी सहल. ज्या भगिनींना त्या रविवारी येता आले नाही त्यांना तिची हकीकत सांगावी, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, म्हणून मी येथे उभी आहे. मी काही इतिहासाची पंडित नाही. घर सांभाळून चार पुस्तके वाचणारी एक बाई आहे. तेव्हा पाहिले आणि ऐकले तेवढेच सांगेन, आणि ते सांगताना एक विनंतीही करीन.

आपणा सर्वांना पुणे ठाऊक आहे. कोणी येथे जन्मलेल्या, कोणी लग्न होऊन आलेल्या, कोणी नोकरीनिमित्त आलेल्या. लक्ष्मी रस्त्यावर साडी, तुळशीबागेत भांडी आणि मंडईत भाजी घेऊन आपण घरी परततो. परंतु ज्या फरसबंदीवरून आपण पिशव्या सांभाळीत चालतो तिच्याखाली अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी बांधलेला पाण्याचा मार्ग आहे, हे आपल्यापैकी किती जणींच्या ध्यानात असते?

सहलीला आम्ही बावीस जणी होतो. सर्वांत ज्येष्ठ भगिनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आणि सर्वांत धाकटी एका सभासदबाईंची महाविद्यालयात जाणारी मुलगी. मार्गदर्शक म्हणून आलेली मुलगी इतिहास घेऊन एम. ए. झालेली, आवाजाने खणखणीत आणि स्वभावाने गोड. तिने प्रारंभीच एक नियम सांगितला. "काकू, प्रत्येक ठिकाणी आधी वर पाहायचे आणि मग खाली पाहायचे. वर जे दिसते ते सर्वांनाच दिसते. खालचे मी दाखवीन." हा नियम मला इतका आवडला की आता मी कोठेही गेले तरी तसेच करते.

सकाळी साडेसहाला आम्ही जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वराच्या लेण्यापाशी जमलो. नावच पाहा, पाताळेश्वर! रस्त्याच्या पातळीहून खाली उतरून जावे लागते. राष्ट्रकूटांच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकात, एका अखंड काळ्या खडकात हे लेणे कोरले. अंगणात नंदीचा गोल मंडप आहे, तोही त्याच खडकातून कोरून काढलेला. घर बांधताना पाया आधी आणि छप्पर मागाहून असा आपला क्रम. येथे क्रम उलटा. खडकाच्या माथ्यावर पहिला घाव घालायचा आणि वरून खाली कोरीत जायचे. दगड एकदा उडाला की तो परत चिकटविता येत नाही. काम कोठे कोठे अर्धवट राहिले आहे तेही मुलीने दाखविले. एक भगिनी म्हणाल्या, "आपली वीणकामे अर्धवट राहतात तशीच की!" आणि पहाटेच्या त्या शांततेत सगळ्या हसल्या. पुण्यातील जुन्यात जुन्या वास्तूंपैकी ही एक, आणि तीही जमिनीच्या पोटात, हे मनात ठेवून आम्ही नवा पूल ओलांडला आणि शनिवारवाड्यासमोर आलो.

शनिवारवाड्याविषयी काय सांगावे? थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, तेही शनिवारीच, वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये आला असे सांगतात. आज तेवढ्यात घराला रंगसुद्धा लागणार नाही. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर लांबलचक अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने टक्कर देऊन दार फोडू नये म्हणून ते त्याच्या मस्तकाच्या उंचीवर बसविले आहेत. वर नगारखाना, बाजूला तट आणि बुरूज. याच वाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि याच वाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांचे निशाण चढले. एवढे सांगून झाल्यावर ती मुलगी आम्हांला आत घेऊन गेली आणि म्हणाली, "आता वाडा शोधा."

भगिनींनो, आत वाडा नाही! तट आहे, दरवाजे आहेत, हिरवळ आहे आणि दगडी जोती आहेत. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. सागवानी खांब, नक्षीची छते, चित्रे, दिवाणखाने, सर्व खाक झाले. ज्या वास्तूच्या नावाने आपण पुण्याची ओळख सांगतो ती जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी जळून गेली आहे.

"आता खाली पाहा," मुलगी म्हणाली. जोत्यांच्या मधोमध कमळाच्या आकाराचे एक दगडी कारंजे आहे. त्याला सोळा पाकळ्या आहेत. हेच हजारी कारंजे, सवाई माधवराव लहान असताना त्यांच्यासाठी केलेले. आता प्रश्न असा की विजेचा पंप नसलेल्या काळात कारंजे उडत कसे होते? या प्रश्नाच्या उत्तराने आमच्या सहलीला खरे वळण दिले.

नानासाहेब पेशव्यांच्या काळी पुणे झपाट्याने वाढत होते. पेठा वसत होत्या, माणसे येत होती, आणि विहिरींचे व नदीचे पाणी पुरेनासे झाले होते. तेव्हा १७५० च्या सुमारास शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगराखाली बांध घालून तळी बांधण्यात आली आणि तेथून शहरापर्यंत जमिनीखालून दगड-चुन्याचा बंदिस्त मार्ग आणला. त्याला म्हणत कात्रजचा नळ. आज नळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पितळी तोटी येते. त्या काळी नळ म्हणजे जमिनीखालचा हा बांधीव मार्ग, ज्यात उतरून माणसाला चालता येई एवढा मोठा. कात्रज उंच आणि पुणे सखल. सबंध वाटेला बेताचा उतार दिलेला. एवढ्यावरच पाणी कोसांचे अंतर तोडून पेठांत येई. उतार फार झाला तर पाणी चुना खरवडून काढणार, आणि कमी झाला तर गाळ बसून वाट बुजणार. इडलीचे पीठ सैल की घट्ट हे जसे अनुभवी हाताला कळते, तसा तो उतार त्या गवंड्यांना कळला असला पाहिजे.

गाळाचीही योजना होती. कात्रजला एकाऐवजी दोन तळी. वरच्या तळ्यात गाळ खाली बसावा आणि निवळलेले पाणी खालच्या तळ्यात यावे. म्हणजे आपण तुरटी फिरवून वरचे पाणी अलगद दुसऱ्या हंड्यात काढतो, तीच युक्ती मोठ्या मापावर. पुढे नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी उभी बांधकामे केली. त्यांना उच्छ्वास म्हणतात. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, तळाशी उरलेला गाळ बसे, आणि साफसफाईसाठी माणसाला खाली उतरता येई. किती नेमके नाव आहे! जमिनीखालून चालणारे पाणी अधूनमधून थांबून श्वास टाकते आहे, असेच वाटते. शनिवारवाड्यात हे पाणी येई. आणि उंचावरून आलेले पाणी बारीक तोंडातून सोडले की ते आपोआप उसळते. पुढे नाना फडणिसांनी आंबेगाव-नऱ्ह्याच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेतील हौदाला पाणी दिले, आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून आणले.

आमच्यापैकी एकीने लहानपणी ऐकलेली गोष्ट विचारली. शनिवारवाड्यातून पर्वतीपर्यंत गुप्त भुयार आहे म्हणतात, ते खरे का? भुयार म्हटले की आपल्या मनात खजिना, मशाली आणि पळून जाणारी राणी हेच येते. मुलगी हसून म्हणाली, "काकू, पुण्यात जागोजागी जी भुयारे लोकांनी पाहिली त्यांतली पुष्कळशी पाण्याचीच. खजिनाच म्हणा ना!"

तेथून आम्ही नाना फडणिसांच्या वाड्याकडे गेलो. लाकडी खांबांवरचे कोरीव काम पाहिले. काही काळ न्यू इंग्लिश स्कूलचे वर्ग याच वाड्यात भरत. मग बुधवार पेठेत, जेथे भिडे वाडा होता तेथे थांबलो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी २०२३ च्या डिसेंबरात ती जीर्ण इमारत उतरविण्यात आली. वर पाहण्यासारखे काही नव्हते. तरीही आम्ही बावीस जणी तेथे काही क्षण उभ्या राहिलो. आम्ही सगळ्या वाचता-लिहिता येणाऱ्या बायका होतो, एवढे कारण त्याला पुरेसे होते.

बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा मात्र अजून उभा आहे. दुसऱ्या बाजीरावांनी तो १८०७ च्या सुमारास बांधला. सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब आणि वरचा सज्जा पाहताना मान दुखते, पण डोळे निवतात. पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी येथे संस्कृत पाठशाळा सुरू केली. १८७९ साली या वाड्यालाही आग लागली आणि त्याचा बराच भाग जळाला. म्हणजे लाकडाचा वाडा कितीही राजेशाही असला तरी एका ठिणगीचा धनी. चुन्यात बांधलेल्या ओल्या नळाला ठिणगी काय करणार?

नळाचे पाणी लोकांपर्यंत पोहोचे ते हौदांतून. श्रीमंतांच्या वाड्यांतील हौदांना आणि आडांना नळाच्या शाखा दिलेल्या असत, आणि बाकीच्यांसाठी रस्त्यावर सार्वजनिक हौद. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे आपण रिक्षावाल्याला चौकाचा पत्ता सांगताना घेतो. तेथे एके काळी खरोखर पाणी होते, आणि पाणी होते म्हणजे बायका होत्या. वाडा कोणाचा हे इतिहासात लिहिलेले असते. परंतु हौदापासून चुलीपर्यंतचे पाणी कोणी वाहिले, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. ते आपल्या आज्यांनी आणि पणज्यांनी वाहिले.

मंडईपाशी चहा घेताना आमच्या ज्येष्ठ भगिनींनी आपली आठवण सांगितली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचेही फुटले, तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या आणि शुक्रवार पेठेतील एका वाड्यात राहत. नदीकाठच्या पेठांत पुराने हाहाकार उडाला होता. पूर ओसरला आणि दुसरेच संकट उभे राहिले. शहराला पाणी देणारे धरणच गेलेले, तोट्या कोरड्या. "परंतु आमच्या वाड्याच्या आडाला कात्रजच्या नळाचे पाणी होते," त्या म्हणाल्या. "आई पहाटेपासून रहाटावर उभी. ओळखीचे, अनोळखी, सगळे हंडे घेऊन येत. आई म्हणायची, पेशव्यांनी घातलेले पाणी आहे, आपण मध्ये अडवणारे कोण?" हे सांगताना बाईंचा चेहरा उजळला होता. आम्हांलाही त्या माउलीचा अभिमान वाटला.

त्यानंतर आम्ही गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यात गेलो. या पेठेला आज महात्मा फुले पेठ म्हणतात. लहानसे, साधे, कौलारू घर आहे. आवारात जोतीरावांची समाधी आहे. येथेही मुलीने आम्हांला खाली पाहावयास सांगितले. तिने घराचा पाण्याचा हौद दाखविला. १८६८ साली जोतीरावांनी हा आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. मुलगी म्हणाली, "काकू, आपण सकाळपासून नळाचे आणि हौदांचे कौतुक करीत आहोत. ते करायलाच हवे. पण शहरात सार्वजनिक हौद भरलेले असताना एका माणसाला आपल्या घरचा हौद उघडावा का लागला, याचाही विचार करू या."

कोणी काही बोलेना. मग आमच्यातल्या एक भगिनी बोलल्या. त्या एरवी मंडळात हिशेबाखेरीज फारशा बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिला विहिरीला हात लावता येत नसे. घागर खाली ठेवून दूर उभे राहायचे आणि कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहायची. कधी घटकाभर, कधी दुपारपर्यंत. विहिरीत पाणी दिसत असे. वाट पाहावी लागे ती माणसाची."

एवढेच त्या बोलल्या. आवाज चढविला नाही, डोळ्यांना पदर लावला नाही. आमच्या ज्येष्ठ भगिनी हळूच उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या आईच्या रहाटावर त्या पुरात सगळे आले असे मी सांगितले खरे. परंतु पूर नसताना कोण येत होते आणि कोण येत नव्हते, ते मला दहाव्या वर्षी कोणी सांगितले नाही, आणि मीही पुढे कधी आईला विचारले नाही." पुढे स्वारगेटपर्यंत त्या दोघी बरोबर चालल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही.

भगिनींनो, या सहलीत मला जे शिकावयास मिळाले ते येथे मिळाले. जमिनीखाली पाण्याला एकच नियम असतो, उताराचा. ते कोणाचे नाव विचारीत नाही, कुळ विचारीत नाही. जमिनीच्या वर आले की मात्र त्याच्याभोवती आपण माणसे भिंती घालतो. जोतीरावांनी १८६८ साली एका घरची भिंत पाडली. त्यानंतर एकोणसाठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तेव्हा नळ बांधणाऱ्यांची थोरवी गाताना हौद उघडणाऱ्यांची थोरवी विसरून चालणार नाही. पाणी आणणे हे अर्धे काम. ते सर्वांना मिळणे हे उरलेले अर्धे.

स्वारगेटला आम्ही पुन्हा जमिनीखाली उतरलो, या वेळी सरकत्या जिन्याने! २०१९ साली येथे मेट्रोचे खोदकाम चालू असताना जुने पाण्याचे भुयार लागले होते. नवे भुयार खणताना जुने भुयार भेटावे, हा योग पाहा. स्वारगेटहून जिल्हा न्यायालयापर्यंतचा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. वाटेत मंडई आणि कसबा पेठ ही स्थानके लागतात आणि पुढे गाडी मुठा नदीच्या खालून जाते. बोगदा पोखरणाऱ्या यंत्रांना मुठा आणि मुळा अशी आपल्या नद्यांचीच नावे ठेवली होती. जिल्हा न्यायालयाचे स्थानक सुमारे ३३ मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली इमारत उलटी करून जमिनीत घातली तर जेवढी जाईल तेवढे. ज्या अंतरासाठी आम्ही सकाळपासून पाय झिजविले ते काही मिनिटांत संपले. आमच्यातल्या एका वहिनींचे गुडघे दुखत होते. त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितले?"

ही झाली हकीकत. आता विनंती.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले. मग तोट्यांचे पाणी घरोघर येत गेले आणि कात्रजच्या नळाची गरज कमी कमी होत गेली. रस्ते रुंद करताना हौद गेले. इमारतींचे पाये खणताना नळ ठिकठिकाणी तुटला, कोठे सांडपाणी शिरले, कोठे उच्छ्वास बुजले. तरीसुद्धा काही ठिकाणी त्यात अजून पाणी आढळते. आज पेठांतील वाडे एकामागून एक पडून तेथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. ते थांबविता येणार नाही, आणि पडक्या वाड्यात, गळक्या छपराखाली, एका सामाईक संडासावर ज्यांनी दिवस काढले त्यांना आपण वाडा जपा असा उपदेशही करू नये. नवे, हवेशीर घर हा त्यांचाही हक्क आहे. परंतु वाडा पाडताना त्याचा आड बुजविलाच पाहिजे असे नाही. एकीकडे आपण उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बादल्या मांडून बसतो, आणि दुसरीकडे जिवंत झऱ्यावर राडारोडा टाकून त्यावर मोटारी उभ्या करतो. हा कोणत्या घरचा हिशेब? घरात तांदळाचा डबा भरलेला असताना त्यावर झाकण ठोकून उधारीला जाणारी गृहिणी आपल्यात एक तरी आहे का?

म्हणून माझ्या तीन लहान सूचना आहेत. पहिली, ज्यांचे माहेर वा सासर जुन्या पेठांत आहे त्यांनी येत्या दिवाळीपर्यंत घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून ठेवावे: आड कोठे होता, त्याला नळाचे पाणी होते का, ते उन्हाळ्यात टिकत असे का, आणि त्यावर कोणाकोणाला पाणी भरता येत असे. हा शेवटचा प्रश्न गाळू नये. ही माहिती आपण एका वहीत उतरवून मंडळात ठेवू. वाड्यांची मोजमापे सरकारदरबारी मिळतील, ही माहिती फक्त आज्यांपाशी आहे, आणि आज्या काही कायमच्या नसतात.

दुसरी सूचना, आपल्या ओळखीत कोठेही बांधकाम चालू असता दगड-चुन्याचा बांधीव मार्ग किंवा जुना हौद लागला, तर तो बुजविण्यापूर्वी महानगरपालिकेच्या हेरिटेज विभागाला कळवावे. एक पत्र लिहिण्यास अर्धा तास लागतो. नळ बांधण्यास वर्षे लागली होती.

तिसरी, ज्या सोसायटीत जुनी विहीर आहे तिने गच्चीवरचे पावसाचे पाणी गटारात न सोडता गाळून विहिरीत सोडावे. सोसायटीच्या सभेला बहुधा पुरुष जातात आणि पार्किंगवर भांडून परत येतात. या वेळी आपण जाऊ आणि पाण्यावर बोलू.

आणि हो, पुढील वर्षीची सहल कात्रजच्या तळ्यांवर न्यावी असे मी कार्यकारिणीला सुचविते. जेथून पाणी निघाले ती जागा पाहिल्यावाचून ही यात्रा पुरी होणार नाही. त्या वेळी चालण्याचे अंतर आधी सांगण्यात येईल, असे आश्वासन मी वहिनींच्या गुडघ्यांना जाहीरपणे देते.

त्या तरुण मार्गदर्शक मुलीने ठरलेल्या वेळेपेक्षा दीड तास अधिक आमच्याबरोबर घालविला आणि एकाही प्रश्नाला कंटाळली नाही.